वन्सं आणि 'गुरुवारी पाणी नाही'

वन्सं,

समाचाराला येणारी माणसं आता कमी झाली. परवा सुलभावहिनी येऊन गेल्या, तुमच्या चुलतभावाच्या बायको. त्या किती वेळ बेल वाजवत होत्या कोण जाणे, मला ऐकूच गेली नाही. आत स्वयंपाकघरात गिटार आणि टाळ्या जोरात चालू होत्या. दार उघडलं तर त्यांचा चेहरा असा, की मी उंबऱ्यावर फुगेच बांधून ठेवलेत.

"शरयू, अगं माणूस जाऊन महिना नाही झाला. गाणी कसली लावतेस?"

"वन्संच्या आवडीची आहेत."

"मग निदान अभंग तरी लाव."

"अभंगांनी त्यांना दुपारची झोप यायची, वहिनी."

त्या बसल्या. चहा घेतला. तुमच्या आठवणीनं डोळे पुसले, ते अगदी मनापासून. मी गाणं बंद करायला उठले नाही आणि त्याही 'कर' म्हणाल्या नाहीत. थोड्या वेळानं माझं लक्ष त्यांच्या पायांकडे गेलं. खुर्चीखाली त्यांचा उजवा पाय ठेका धरत होता. त्यांना स्वतःला पत्ताही नव्हता. जाताना चपला घालत म्हणाल्या, "काय बाई तुम्ही दोघी!" दोघी म्हणाल्या, वन्सं. त्या गेल्यावर मी दाराला पाठ लावून हसले, आणि हसता हसता जे व्हायचं ते झालंच.

तुम्ही कोणत्या शाळेत किती वर्षं व्याकरण शिकवलंत, किती मुली तुमच्या हाताखालून गेल्या, ते सगळं कोणीतरी शाळेच्या अंकात लिहील. तुम्ही ठरवल्याप्रमाणे देहदान झालं, पिंड नाही, तेरावा नाही, हेही लोकांना कळलंय. मला लिहायचंय ते त्या अल्बमबद्दल. आपल्या दोघींचं शेवटचं भांडण त्यावरच होतं आणि ते मिटायच्या आत तुम्ही निघून गेलात. ही तुमची पद्धत नव्हती. तुम्ही वाद कधी अर्धा सोडला नाहीत.

मी लग्न होऊन नारायण पेठेत आले तेव्हा तुम्हाला घाबरायची. तुम्ही ह्यांच्या थोरल्या बहीण, स्वतःच्या मर्जीनं लग्न न केलेल्या, आणि माझ्या प्रत्येक वाक्यातली चूक काढणाऱ्या. मी गाणं शिकलेली. तुमचे कान मात्र सुराच्या बाबतीत अगदी कोरे. "शरयू गाते ते चांगलं असणार, कारण ती दमते फार," असं तुम्ही पाहुण्यांना सांगायचात. पण मी घरात गाण्याचे वर्ग सुरू केले तेव्हा सासूबाईंची समजूत तुम्हीच घातलीत. बाहेरची खोली रिकामी करून दिलीत, आणि संध्याकाळी मुलींचे सरगम चालू असताना त्याच गोंगाटात पेपर तपासत बसलात. हे मी तेव्हा नीट पाहिलंच नाही. आता दिसतंय.

मग हे गेले आणि माझं गाणं थांबलं. मी काही शपथ वगैरे घेतली नव्हती. वर्ग बंद केले, तानपुऱ्यावर गवसणी चढवली, एवढंच. गळा उघडावासा वाटेना. मृणाल बंगळुरूहून फोनवर सांगायची, "आई, थोडं तरी गात जा." तुम्ही एका शब्दानं काही म्हणाला नाहीत. आपण दोघी बातम्या बघायचो, शब्दकोडं सोडवायचो, साडेसातला जेवायचो. घर इतकं शांत झालं होतं, की खालच्या मजल्यावरची कुकरची शिट्टी आपली वाटायची.

त्या शांततेत मृणालनं तो बोलणारा स्पीकर पाठवून दिला. त्याला सांगाल ते तो लावतो म्हणे. त्यातून बाईचा आवाज येतो म्हणून तुम्ही त्याला 'अहो बाई' म्हणायचात. पहिल्या गुरुवारी सकाळी नळाला पाणी नव्हतं. तुम्ही स्पीकरसमोर उभ्या राहिलात आणि वर्गात विचारावं तसं स्वच्छ विचारलंत, "अहो बाई, गुरुवारी पाणी नाही का?"

आणि त्या बाईनं गाणं सुरू केलं.

आधी टाळ्या, मग गिटार, मग एक मुलगी खुशाल गायला लागली, 'गुरुवारी पाणी नाही, शुक्रवारी येईल की! आज नाही भेटलास तू, उद्या भेटशील की!' आपण दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. तुम्ही म्हणालात, "महानगरपालिकेनं काढलंय वाटतं." ते बंद कसं करायचं ते दोघींनाही माहीत नव्हतं. तुम्ही "पुरे" म्हणालात, "थांबा" म्हणालात, शेवटी "शांतता!" असं ओरडलात. गल्लीतला रिक्षावाला थांबला असेल, ती बाई थांबली नाही. एक गाणं संपलं की दुसरं. अख्खा अल्बम वाजला. मी कानावर पदर घेऊन भाजी चिरत होते.

मृणालला फोन केला तेव्हा कळलं, ही पुण्याचीच मुलं. स्वतःच गाणी लिहितात, स्वतःच वाजवतात, कुठल्या कंपनीशिवाय लोकांपुढे आणतात, आणि अल्बमचं नावही तेच: 'गुरुवारी पाणी नाही'.

"काय वाटलं तुला?" तुम्ही जेवताना विचारलंत.

"ह्यात गाणं कुठेय? तीन-चार सूर घेतलेत आणि उड्या मारतायत."

"मलाही नाही आवडलं," तुम्ही म्हणालात. "पण एकदा वाचून मी कोणाला नापास केलेलं नाही. दोनदा वाचून केलंय."

म्हणून दुसऱ्या दिवशी तुम्ही ते पुन्हा लावलंत. मग तिसऱ्या दिवशीही. म्हणे पहिल्या दोन गाण्यांत गल्लत होत होती. पुढच्या आठवड्यात तुम्ही जाहीर केलंत, की चौथं गाणं उत्तीर्ण होण्यासारखं आहे, त्यातल्या मुलीला यमक साधतं. मग सकाळी चालायच्या वेळी तुम्ही घरातल्या घरात, काठी टेकत, त्या ठेक्यावर फेऱ्या घालायला लागलात. डॉक्टरांनी छातीच्या दुखण्यापायी जिने बंद केले होते ना, तेव्हा हॉल ते गॅलरी आणि परत. काठी बरोबर ठेक्यावर पडायची. एरवी सुराचा गंध नसलेल्या बाईचा ठेका पक्का निघाला! मला ते फार अन्यायाचं वाटलं.

मी मात्र हटले नाही. ज्या घरात मी पहाटे खर्ज लावला, त्या घरात सकाळी सकाळी ही चुटकीची गाणी. एकदा मी चिडूनच म्हणाले, "वन्सं, ह्या गाण्यांत दुःख नाही. खोली कुठून येणार?"

तुम्ही शब्दकोड्यातून मान वर न करता म्हणालात, "दुःख असलं की खोल, हा कुठला नियम? आमच्या मामांच्या गावची विहीर चांगली खोल होती. पाणी नव्हतं तिला."

"तुम्हाला गाण्यातलं काय कळतं?"

"काही नाही. म्हणून तर माझं मत निःपक्षपाती."

मी उठून गॅलरीत गेले. रागानं कुंड्यांना पाणी घातलं. आणि तिथे उभी असताना माझ्या लक्षात आलं, की मी रागावलेय. खरीखुरी, ताजी, गरम. हे गेल्यापासून मला कशाचाच राग आला नव्हता. भूक लागल्यासारखं वाटलं मला, वन्सं. त्या दिवशी मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

त्यानंतर आपलं रोजच जुंपायला लागलं. तुम्ही एखादं गाणं लावायचात आणि मी त्यातलं व्यंग काढायची. व्यंग काढायचं तर नीट ऐकायला हवं, म्हणून मी ऐकायला लागले. ऐकता ऐकता एका गाण्यात मला सापडलं, की ती मुलगी ध्रुवपदावर परत येताना दर वेळी एक सूर वेगळा घेते. पहिल्यांदा सरळ, दुसऱ्यांदा जरासा वरून, तिसऱ्यांदा तर तो घेतच नाही, तिथे नुसती जागा सोडते. आणि ती सोडलेली जागा इतकी गोड, की चपाती लाटता लाटता माझा हात थांबला. ती मूर्ख नव्हती. तिला ठाऊक होतं ती काय करतेय. मी हे तुम्हाला सांगितलं नाही. संध्याकाळी तुम्ही विचारलंत तेव्हा म्हणाले, "तेच ते."

का नाही सांगितलं? कबूल केलं असतं तर भांडण संपलं असतं. आणि मला ते भांडण हवं होतं. सकाळी उठल्यावर वाट बघण्यासारखं तेवढं एकच होतं.

मग मृणालनं कळवलं, की त्या मुलांचा कार्यक्रम आहे, रविवारी संध्याकाळी, नदीपलीकडे एका कॅफेच्या मागच्या अंगणात. तुम्ही लगेच म्हणालात, "जायचं." मी तुमच्या छातीची, जिन्यांची, गर्दीची सगळी कारणं सांगून बघितली. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "जिना उतरताना त्रास होत नाही, चढताना होतो. येताना बघू."

तुम्ही ती काठपदराची मोरपंखी साडी नेसलात. रिक्षावाल्याला पत्ता सांगितला तर तो आरशातून दोनदा बघून म्हणाला, "आज्जी, तिथे पोरांचा प्रोग्राम असतो."

"आम्हीही कोणाच्या तरी पोरीच आहोत," तुम्ही म्हणालात. "चला."

अंगणात सगळी विशी-पंचविशीतली मुलं, उभी. बसायला काही नाही. आपल्याला बघून दोघा-तिघांनी धावत जाऊन खुर्च्या आणल्या आणि एकदम पुढे मांडल्या. मला संकोचानं मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुम्ही मात्र अध्यक्षीण बाईंसारख्या ऐसपैस बसलात. मग ती मुलगी आली, गाणारी. सानिका. केसांचा एक पट्टा निळा. तुम्ही माझ्या कानात म्हणालात, "शाई सांडली का गं हिच्या?" आणि टाळ्यांना सुरुवात झाली.

पाण्याचं गाणं लागलं तेव्हा सगळं अंगण ओरडायला लागलं, 'शुक्रवारी येईल की!' तुम्ही काठीवर भार देऊन उभ्या राहिलात. मी हात धरायला गेले तर माझा हात बाजूला केलात. तुमच्या मागच्या मुलांनी तुम्हाला जागा करून दिली आणि तुम्ही काठी जमिनीवर आपटत, अगदी बेसूर, पण अचूक ठेक्यात गात होतात. मी तुम्हाला इतकी वर्षं ओळखत होते. तुम्हाला असं तोंड भरून हसताना मी पहिल्यांदा बघितलं.

कार्यक्रम संपल्यावर सानिका आपल्याकडे आली, वाकून नमस्कार केला. "आज्जी, थँक यू सो मच! तुम्ही आलात, एकदम भारी वाटलं."

"छान गातेस," तुम्ही म्हणालात. "शेवटून दुसऱ्या गाण्यात 'तू बोललीस, थांब ना' असं आहे. ते 'म्हणालीस' पाहिजे. 'बोललीस' म्हणजे नुसतं बोलणं झालं. काय बोललीस ते सांगायचं, तर 'म्हणालीस'."

ती मुलगी हसली, पण ऐकत होती. "आज्जी, खरंय. पण 'म्हणालीस' चालीत बसत नाही ना. ट्राय केलं होतं आम्ही. गाताना 'बोल्लीस' होतं, त्याच्यापेक्षा एक अक्षर जास्त होतं."

"मग चाल बदला."

"अहो वन्सं, चाल कशाला बदलायची?" मी म्हणाले. "म्ह आधी उचलायचा. समेच्या आधी. आणि णा समेवर येऊ द्यायचा." त्यांना कळेना. आणि मग काय झालं मला माहीत नाही, मी गाऊन दाखवलं. तिथेच, खुर्चीत बसून, मांडीवर ताल धरून. एक ओळ गायले, मग पुढची, मग सगळं कडवं. ड्रम वाजवणारा अश्विन हातातला सामोसा तसाच धरून उभा राहिला. सानिका दुसऱ्या ओळीपासून माझ्याबरोबर गायला लागली. तिचा आवाज आणि माझा, जुना, चिरका, गंज चढलेला. पण लागला, वन्सं. सूर लागला.

गाणं थांबलं तेव्हा मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही चष्मा काढून पदरानं पुसत होतात.

"सगळं पाठ आहे की तुला," तुम्ही म्हणालात.

"कानावर पडून पडून," मी म्हणाले. "आवडलं असं कोणी म्हटलंय?"

परतताना आपण जिना एकेका मजल्यावर बसत चढलो. दुसऱ्या मजल्यावर शिंत्र्यांच्या दाराशी पायरीवर बसून तुम्ही धापा टाकत हसत होतात, आणि म्हणत होतात, "चाल कशाला बदलायची म्हणे! ऐटीत!" मी तुम्हाला गप्प बसा म्हणून दटावत होते आणि मला स्वतःलाच हसू आवरत नव्हतं. शिंत्र्यांनी दार उघडून बघितलं आणि पुन्हा लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तानपुऱ्याची गवसणी काढली. तारा बदलायला टाकल्या. तुम्ही पेपर वाचत होतात, वर बघितलं नाहीत. पण पान मात्र बराच वेळ उलटलं नाहीत.

तुम्ही गेलात ते त्यानंतर थोड्याच महिन्यांत, जेवून वामकुक्षीला आडव्या झालात ते तशाच. चेहऱ्यावर त्रासाची रेघ नाही. मी चारच्या चहाला हाक मारायला आले. त्याबद्दल मला इथे जास्त लिहायचं नाही. तुम्हालाही ते आवडलं नसतं.

एक गोष्ट मात्र मला तुम्हाला विचारायची राहिली. तो अल्बम तुम्हाला खरंच आवडत होता, की मला डिवचायला लावत होतात? मी भांडावं, ऐकावं, तोंड उघडावं म्हणून? रात्रंदिवस नाही, पण अधूनमधून मी ह्याच्यावर विचार करते. तुम्ही बाई हुशार होतात, तुमच्याकडून हे अशक्य नाही. पण मग मला आठवतं, तुम्ही न्हाणीघरात असताना, दार लावून, पाण्याच्या आवाजात, मी ऐकत नाहीये अशा समजुतीनं तीच गाणी म्हणायचात. इतकं बेसूर कोणी दुसऱ्याला डिवचायला गात नाही. दोन्ही खरं असेल. तुम्ही एका दगडात दोन पक्षी मारणाऱ्यांतल्या होतात, आणि तो दगडही दुसऱ्याकडून आणवायचात.

मागच्या आठवड्यात सानिकाचा फोन आला. तिला काही माहीत नव्हतं. म्हणाली, "काकू, आम्ही ते गाणं परत रेकॉर्ड करतोय, 'म्हणालीस' घालून. तुम्ही आणि आज्जी प्रॅक्टिसला याल का?" मी सांगितलं. ती हळूच म्हणाली, "सॉरी काकू. मग... तुम्ही एकट्या याल?"

मी विचार करायच्या आत हो म्हणाले.

काल गेले होते. खडकीला, अश्विनच्या घरी. त्याचे वडील दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेत. त्यांनी घराची मागची खोली मुलांना दिलीय आणि भिंतींना जुन्या गाद्या लावून दिल्यात, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून. त्याच्या आईनं मला पोहे दिले. मुलांनी सुरुवातीला आवाज लहान ठेवला होता, माझ्याकडे बघत, जपून. मी म्हणाले, "अरे, मी ठीक आहे. नेहमीसारखं वाजवा." मग त्यांनी वाजवलं, आणि त्या गाद्यांच्या खोलीत असा काही दणका उठला, की माझ्या हातातली पोह्यांची बशी थरथरायला लागली. कडवं आलं. मी आणि सानिका एका माइकसमोर. म्ह आधी, णा समेवर. तुमचं 'म्हणालीस' बरोबर बसलं. माझे डोळे वाहत होते आणि आवाज स्वच्छ लागला होता. हे दोन्ही एकदम होऊ शकतं, हे मला ह्या वयात कळलं.

गाणं संपल्यावर सानिकानं माझ्याकडे बघून विचारलं, "काकू, खरं सांगा हं. त्या दिवशी आज्जी मला म्हणाल्या होत्या, की तुम्हाला आमची गाणी आवडत नाहीत, फक्त पाठ आहेत."

सगळी मुलं माझ्याकडे बघायला लागली. गिटारवाला, अश्विन, दारात उभे असलेले त्याचे वडील.

"मला तुमची गाणी फार आवडतात," मी म्हणाले. "सुरुवातीला मुळीच आवडली नव्हती. मग हळूहळू आवडत गेली, आणि आता सकाळी लावल्याशिवाय मला चालत नाही."

मोठ्यानं म्हणाले, वन्सं, सगळ्यांसमोर. तुम्हाला म्हणायचं होतं ते त्यांना म्हणाले.

सानिकानं मला मिठी मारली. तिच्या निळ्या केसांना शांपूचा वास येत होता. अश्विननं ड्रमच्या काठ्या एकमेकींवर आपटून आकडे मोजले, आणि आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

तुमची,
शरयू